मुंबईचा प्लेग आणि आंतरराष्ट्रीय व्यापारी वाटाघाटी (१८९६ ते १९०३)

प्रास्ताविक

व्यापारी वाटाघाटी म्हटल्या की माल, भाव, मुदत आणि पत हे चार विषय प्रथम डोळ्यांसमोर येतात. रोगराई हा विषय त्यांत सहसा गणला जात नाही. साथ ही वैद्यकाच्या इतिहासाची बाब मानली जाते आणि व्यापार ही अर्थशास्त्राची. या विभागणीमुळे एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. एखाद्या बंदरात साथ पसरते तेव्हा त्या बंदराचा माल घ्यावा की नाही, त्याची जहाजे किती दिवस अडवावीत आणि त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा, हे कोण ठरवते? आणि त्या ठरावाची किंमत कोण मोजतो?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला. त्यानंतरच्या सात वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर आकारास आले, त्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. व्हेनिस येथे फेब्रुवारी व मार्च १८९७ मध्ये भरलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद, तिने संमत केलेला करार आणि पॅरिस येथे १९०३ मध्ये झालेली त्याची सुधारणा हे या विवेचनाचे मुख्य टप्पे आहेत. मुंबई व पुणे येथील प्लेगविषयक दडपशाहीचा इतिहास महाराष्ट्रात सुपरिचित आहे. व्हेनिसच्या परिषदेचा उल्लेख मात्र मराठी वाचकाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. वस्तुतः या दोन घटना एकाच काळात, एकाच सरकारकडून आणि बऱ्याच अंशी एकाच हेतूने घडल्या. त्यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय दोहोंपैकी एकीचाही अर्थ पूर्णपणे उलगडत नाही.

प्लेगपूर्व काळातील वाटाघाटींचे स्वरूप

साथीच्या काळात बंदर बंद करणे आणि परकी जहाज ठरावीक दिवस दूर उभे करणे ही भूमध्य सागरी देशांची जुनी रीत होती. एकोणिसाव्या शतकात आगबोटींमुळे प्रवासाचा वेळ घटला आणि मालाची उलाढाल वाढली, तशी ही रीत व्यापारास जाचक वाटू लागली. प्रत्येक देशाचे नियम निराळे होते. एका बंदरात पाच दिवस, दुसऱ्यात पंधरा, तर तिसऱ्यात मुळीच प्रवेश नाही, अशी अवस्था होती. जहाज अडून पडले की भाडे वाढे, नाशवंत माल खराब होई, विम्याचे व हुंडीच्या मुदतीचे तंटे उभे राहत. जहाजमालक आणि माल पाठवणारा व्यापारी यांच्यातील करारात अडलेल्या दिवसांचा भार कोणी सोसायचा हा नेहमीचाच वादाचा मुद्दा होता.

या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी १८५१ मध्ये पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राष्ट्रांनी तीत भाग घेतला. प्रत्येक राष्ट्राचे दोन प्रतिनिधी होते, एक वैद्य आणि एक मुत्सद्दी. ही जोडीच परिषदेच्या स्वरूपाची साक्ष देते. परिषद नावाने आरोग्याची असली तरी तिच्यापुढील प्रश्न व्यापाराचा होता. मात्र चार दशके या परिषदांतून अमलात येण्याजोगे फारसे काही निघाले नाही. ब्रिटनला आपल्या जहाजांवर कमीत कमी निर्बंध हवे होते. रोगी तेवढा वेगळा काढावा, बाकीच्यांची वैद्यकीय तपासणी करून त्यांना जाऊ द्यावे, ही इंग्रजी पद्धत होती. भूमध्य समुद्रावरील राष्ट्रांना पूर्वेकडून येणाऱ्या पटकीचे भय होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई आणि युरोप यांतील अंतर कमी झाले आणि त्याबरोबर हे भयही वाढले.

या कोंडीतून पहिली वाट १८९२ च्या व्हेनिस परिषदेत निघाली. सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांपुरता पटकीविषयी करार झाला. १८९३ मध्ये ड्रेस्डेन येथे आणि १८९४ मध्ये पॅरिस येथे पुढचे करार झाले. पैकी शेवटचा मक्केच्या यात्रेसंबंधी होता. हे सर्व करार पटकीपुरते होते. प्लेग हा युरोपच्या दृष्टीने इतिहासजमा झालेला रोग होता. म्हणून मुंबईतून प्लेगची तार गेली तेव्हा तिला लागू पडणारा एकही आंतरराष्ट्रीय नियम अस्तित्वात नव्हता.

मुंबई बंदराची स्थिती

१८९६ ची मुंबई ही ब्रिटिश साम्राज्यातील अग्रगण्य बंदरांपैकी एक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या निर्यातीतून शहरात अमाप पैसा आला होता. शहरात सुमारे सत्तर कापड गिरण्या चालू होत्या आणि त्यांच्या सुताचा मोठा भाग चीनच्या बाजारपेठेत खपत असे. कापूस, धान्य, गळिताची धान्ये आणि कातडी युरोपात जात. १८७० पासून मुंबई समुद्राखालील तारेने सुएझमार्गे युरोपशी जोडलेली होती. त्यामुळे भाव, मागणी आणि जहाजांच्या हालचाली यांची वार्ता महिन्याऐवजी काही तासांत पोहोचत असे. अर्थात जी तार कापसाचा भाव नेत होती, तीच तार साथीची वार्ताही नेऊ शकत होती.

याच चिनी व्यापाराच्या मार्गाने प्लेग मुंबईस आला असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मे १८९४ मध्ये हाँगकाँग येथे त्याचा मोठा उद्रेक झाला होता. तेथेच जून १८९४ मध्ये येर्सां आणि कितासातो यांनी प्लेगच्या जंतूचा शोध लावला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले आणि महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ते उघडपणे मांडले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग होता. वखारींत उंदीर भरपूर होते आणि ते मरून पडत असल्याचे रहिवाशांच्या नजरेस आले होते. या निरीक्षणाचे महत्त्व त्या वेळी कोणत्याही परिषदेस उमगले नाही.

रोगाचे नाव घ्यावे की नाही, हाच प्रारंभीचा पहिला पेच होता. नाव घेतले तर परकी बंदरे बंद होणार, न घेतले तर साथ वाढणार. सुरुवातीच्या अधिकृत भाषेत सौम्य शब्द योजण्याकडे कल होता. तथापि ऑक्टोबरपर्यंत लपवण्यासारखे काही उरले नाही. लोक शहर सोडू लागले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २० हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातील जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले होते. गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली. एरवी महिन्याने आणि तोही उशिरा पगार देणारे गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले आणि कामगारांच्या मजुरीची बोली रस्त्याच्या नाक्यावर होऊ लागली. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच निधन झाले. साथीने मजुराची सौदाशक्ती काही महिने वाढवली आणि मजुराच्या प्रवक्त्यास हिरावून नेले, ही त्या काळातील विसंगती नोंद घेण्याजोगी आहे.

व्हेनिस परिषद, १८९७

१८९७ च्या प्रारंभी युरोपातील अनेक बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर आपापल्या मर्जीनुसार निर्बंध घातले. कोठे उतारू अडवले, कोठे कातडी आणि चिंध्या नाकारल्या, तर कोठे जहाजच परत पाठवले. सर्व भारतीय मालावर सरसकट बंदी येते की काय, अशी धास्ती व्यापारी वर्तुळात आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात होती. अशा वातावरणात १६ फेब्रुवारी १८९७ रोजी व्हेनिस येथे परिषद सुरू झाली आणि १९ मार्च रोजी करारावर सह्या झाल्या. महिन्याभरात निष्पन्न झालेला हा करार १८५१ नंतरच्या चार दशकांच्या निष्फळ चर्चेच्या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरतो. कोणताही नियम नसण्यापेक्षा थोडा कडक परंतु सर्वांना सारखा नियम बरा, या निष्कर्षाप्रत ब्रिटन आला होता. युरोपीय राष्ट्रांनाही मुंबईचा कापूस हवा होता. त्यामुळे दोन्ही पक्षांना तडजोड आवश्यक वाटत होती.

करारातील तरतुदींचे चार भाग करता येतात. पहिला भाग वर्दी देण्याचा होता. आपल्या प्रदेशात प्लेग आढळल्यास त्याची सूचना इतर सरकारांना तारेने देणे बंधनकारक झाले. दुसरा भाग निघण्याच्या बंदराविषयी होता. साथग्रस्त बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाची, जहाजावर चढण्यापूर्वी, दिवसाउजेडी आणि किनाऱ्यावरच वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ठरले. तिसरा भाग जहाजांच्या वर्गवारीचा होता. प्रवासात अलीकडे रुग्ण आढळलेले ते बाधित, पूर्वी आढळलेला परंतु त्यानंतर नवा रुग्ण नसलेले ते संशयित आणि साथग्रस्त बंदरातून येऊनही एकही रुग्ण नसलेले ते निरोगी, अशा तीन वर्गांना निरनिराळी वागणूक ठरली. चौथा भाग मालाचा होता. वापरलेले कपडे व अंथरुणे, चिंध्या, जुनी पोती व गालिचे, कच्ची कातडी, प्राण्यांचे केस व खुरे, कच्चे रेशीम व लोकर, मानवी केस अशी संशयास्पद वस्तूंची यादी करण्यात आली. अशा वस्तूंना राष्ट्रांनी मनाई करावी किंवा त्या निर्जंतुक करून घ्याव्यात.

या यादीत जे नाही, त्याचे महत्त्व अधिक आहे. कापूस तीत नव्हता, धान्य नव्हते, नवे कापड व सूत नव्हते. मुंबईच्या निर्यातीचा मुख्य आधार असलेला माल मोकळा राहिला. कातडीच्या व्यापाऱ्यास झळ बसली, परंतु कापसाचा व्यापार सरसकट बंदीच्या संकटातून बचावला. या यादीचा शास्त्रीय आधार कच्चा होता, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. मात्र वाटाघाटीच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते. पूर्वी प्रश्न ‘बंदर उघडे की बंद’ असा दोनच पर्यायांचा होता. आता माणूस, जहाज आणि माल यांचा स्वतंत्र विचार होऊ लागला. प्रत्येकासाठी निराळी अट घालता येऊ लागली आणि म्हणून प्रत्येकावर निराळी सवलतही मागता येऊ लागली.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. मुंबईच्या व्यापारातील त्या वर्षांच्या मंदीचे सारे खापर प्लेगवर फोडता येत नाही. १८९६–९७ चा दुष्काळ त्याच वेळी पडला होता. १८९३ मध्ये भारतीय टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद झाल्यापासून चांदीवर चालणाऱ्या चीनशी होणारा सुताचा व्यापार अडचणीत आला होता. प्लेगने या अडचणींत भर घातली. त्याचे वेगळेपण हे, की त्याने व्यापाराच्या अटींमध्ये आरोग्याची हमी हा नवा घटक आणला.

हमीची देशांतर्गत किंमत

आंतरराष्ट्रीय करारात दिलेली हमी पाळायची तर घरच्या लोकांवर अंमल बसवावा लागतो. व्हेनिसला परिषद भरण्यापूर्वीच हिंदुस्थान सरकारने त्याची तयारी केली होती. २८ जानेवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांसंबंधीचे विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीस ते कायदा झाले. केवळ चार कलमांचा हा कायदा होता. बंदरात येणारे व जाणारे जहाज तपासण्याचा आणि प्रवासास निघालेल्या माणसास अडवून ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, असेही त्यात नमूद होते. कायद्याची ही घाई आणि परिषदेची तारीख यांचा संबंध सहज लक्षात येतो. परिषदेच्या टेबलाशी बसण्यापूर्वी आपण हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हे सरकारला दाखवायचे होते.

त्याच महिन्यात मुंबई व कराची येथून हज यात्रेकरूंना जाण्यास मनाई करण्यात आली. यात्रेला अडथळा केल्यास मुसलमान प्रजेत असंतोष माजेल, ही भीती सरकारला पूर्वीपासून होती आणि म्हणून ते असे पाऊल टाळत आले होते. या वेळी मात्र युरोपीय राष्ट्रांचा मुख्य आक्षेप यात्रेकरूंच्या जहाजांवरच होता. यात्रा थांबवली तर मालावरील बंदी टाळता येईल, असा हा हिशेब होता. धर्मनिष्ठ यात्रेकरूच्या आयुष्यातील एकमेव संधी आणि कापसाच्या गाठी यांच्या तुलनेत सरकारने गाठींच्या बाजूने कौल दिला. यात्रेकरूंचे मत कोणी विचारले नव्हते.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. घरोघर झडत्या, रुग्णांना रुग्णालयात आणि संपर्कातील माणसांना छावणीत हलवणे, सामान जाळणे, कल्याणसारख्या स्थानकांवर आगगाडीच्या उतारूंची तपासणी, असा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी झडत्या घेतल्या. देवघरात आणि स्वयंपाकघरात बुटांसह शिरणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी, यांमुळे लोकांच्या मनात जो संताप साठला त्याचा स्फोट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाला. रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि ३ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सप्टेंबर १८९७ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. याच साथीत, रुग्णांची शुश्रूषा करताना, सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले होते.

पुणे हे बंदर नव्हते. तेथील प्रत्येक झडतीचा धागा व्हेनिसपर्यंत ओढणे अतिशयोक्तीचे ठरेल. स्थानिक अधिकाऱ्यांचा स्वभाव, लष्करी पद्धतीवरील विश्वास आणि देशी लोकांविषयीचा अविश्वास ही कारणेही तितकीच प्रबळ होती. तथापि ऑक्टोबर १८९६ मध्ये सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढून, २९ ऑक्टोबरला आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्ला केल्यावर जे सरकार दोन पावले मागे आले होते, तेच सरकार फेब्रुवारी–मार्च १८९७ मध्ये अधिक कठोर होऊन परत आले. या पालटाचे स्पष्टीकरण केवळ स्थानिक परिस्थितीने होत नाही. परकी बाजारपेठेचे दडपण लक्षात घेतले तरच ते पूर्ण होते.

घरच्या वाटाघाटी

परदेशात एक करार होत असताना घरी दुसऱ्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. त्यांना कोणी परिषद म्हटले नाही. निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली रुग्णालये उघडण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. स्त्रियांची तपासणी स्त्रियांनी करावी, पडदा सांभाळावा, अशा मागण्या पुढे आल्या. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका मुलीस प्लेगच्या संशयावरून नेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तेथील मुसलमान विणकरांनी प्रतिकार केला. दंगल उसळली आणि गोळीबार झाला. त्यानंतर सक्तीचे उपाय हळूहळू सैल करण्यात आले. प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगानेही सक्तीच्या अनेक उपायांच्या उपयुक्ततेविषयी साशंकता व्यक्त केली. सहकार्याशिवाय साथ आटोक्यात येत नाही, हा धडा सरकारने पुस्तकातून घेतला नाही. तो त्याला मुंबईच्या गल्ल्यांनी शिकवला.

त्याच सुमारास शास्त्रानेही करारातील गृहीतकांना धक्का दिला. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसू हे प्लेगच्या प्रसाराचे वाहन असल्याचे प्रयोगाने दाखवले. फ्रेझर आयोगाने ते मान्य केले नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या संशोधनाने मात्र त्यास निर्णायक पुष्टी मिळाली. याच प्रयोगशाळेचे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट असे नामकरण झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगवरील लस स्वतःला टोचून घेतली होती. परदेशात परिषद बसण्याच्या महिनाभर आधी मुंबईतच ग्रँट मेडिकल कॉलेजात हा उपाय सिद्ध होत होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे शास्त्र आणि मुत्सद्देगिरी यांच्या गतीतील अंतर जाणवते.

याचा अर्थ असा, की मार्च १८९७ मध्ये लोकांच्या घरांतून जे अंथरूण जाळले गेले आणि जी माणसे छावणीत नेली गेली, त्यांतील बऱ्याचशा गोष्टींनी साथीस आळा बसणे शक्यच नव्हते. गाठीचा प्लेग प्रामुख्याने माणसापासून माणसाला होत नव्हता. वखारीतील उंदीर मोकळाच होता.

पॅरिस, १९०३: नियमांची सुधारणा

३ डिसेंबर १९०३ रोजी पॅरिस येथे नवा करार झाला. त्याने मागील सर्व करार एकत्र केले. त्यात तीन बदल उल्लेखनीय आहेत. पहिला, जहाजांवरील उंदरांच्या नाशाला करारात स्थान मिळाले. दुसरा, कोणताही माल स्वभावतः प्लेग किंवा पटकी पसरवत नाही, तो रोगद्रव्याने दूषित झाला तरच घातक ठरतो, हे तत्त्व मान्य झाले आणि संशयास्पद मालाची यादी वापरलेले कपडे, अंथरुणे व चिंध्या यांपुरती आखडली. कातडीच्या व्यापाऱ्यावरील भार उतरला. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा होता. पहिल्या रुग्णाची वर्दी दिल्याबरोबर त्या प्रदेशावर निर्बंध लादता येणार नाहीत, बाहेरून न आलेले अनेक रुग्ण आढळले तरच तो प्रदेश साथग्रस्त धरावा, असे ठरले.

या तिसऱ्या तरतुदीमागे मुंबईचा अनुभव होता, असे म्हणण्यास आधार आहे. खरे सांगणाऱ्या बंदरास ताबडतोब शिक्षा होत असेल तर कोणतेही बंदर खरे सांगणार नाही. १८९६ च्या शरद ऋतूत मुंबईतील अधिकाऱ्यांची शब्दांशी चाललेली चाळवाचाळव याच भीतीपोटी होती. वर्दी देणे हे कर्तव्य ठरवायचे तर वर्दी देणाऱ्यास संरक्षणही दिले पाहिजे, हा विचार १९०३ मध्ये प्रथमच इतक्या स्पष्टपणे करारात उतरला. १९०७ मध्ये रोम येथे झालेल्या ठरावानुसार या कामासाठी पॅरिस येथे कायमस्वरूपी कार्यालय स्थापन झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५१, १९६९ व २००५ च्या नियमावलींत हीच परंपरा चालू राहिली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला, की साथीची जोखीम मोजता येण्याजोगी झाली. कोणत्या वर्गाचे जहाज किती काळ अडेल, कोणता माल धुरी देऊन घ्यावा लागेल, निर्बंध केव्हा उठतील, हे आधी ठाऊक असेल तर भाडे, विमा आणि माल पोहोचवण्याची मुदत त्या हिशेबाने ठरवता येते. बंदराची विश्वासार्हता ही त्याच्या गोदीइतकीच मोलाची मालमत्ता ठरली.

पुढील काळाशी असलेला संबंध

या इतिहासाची प्रस्तुतता दोन घटनांवरून ध्यानात येते. १९९४ मध्ये सुरत येथे प्लेगची वार्ता पसरताच अनेक देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबवली आणि भारतीय मालावर बंधने घातली. प्रत्यक्ष साथीच्या मानाने ही प्रतिक्रिया फार मोठी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या नव्या प्रकाराची वर्दी तत्परतेने जगाला दिली, तेव्हा दोन दिवसांच्या आत त्याच देशाच्या प्रवाशांना अनेक राष्ट्रांनी दारे बंद केली. याच प्रवासबंदीमुळे जागतिक व्यापार संघटनेची जिनिव्हा येथे ३० नोव्हेंबरपासून भरणारी मंत्रिपरिषद ऐन वेळी पुढे ढकलावी लागली. लसींवरील बौद्धिक संपदेचे हक्क शिथिल करावेत, असा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी मांडला होता. त्यावरील मर्यादित स्वरूपाचा निर्णय जून २०२२ मध्ये त्या परिषदेत झाला. दरम्यान भारतात मार्च २०२० मध्ये कोविडसाठी जो कायदा अमलात आणला गेला, तो १८९७ चाच होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुंबईच्या प्लेगने आंतरराष्ट्रीय व्यापारी वाटाघाटींतील प्रश्नाचे स्वरूप बदलले. बंदर बंद करावे की नाही याऐवजी वर्दी, तपासणी, वर्गवारी आणि मालाची यादी यांवर बोलणी होऊ लागली.

२) व्हेनिसचा करार शास्त्रदृष्ट्या सदोष परंतु व्यापारदृष्ट्या उपयुक्त होता. मुंबईचा मुख्य निर्यात माल त्यामुळे मोकळा राहिला.

३) या करारासाठी दिलेल्या हमीचा भार यात्रेकरू, कामगार आणि शहरातील सामान्य रहिवासी यांच्यावर पडला. व्हेनिसच्या परिषदेत राष्ट्रांचे प्रतिनिधी होते आणि हिंदुस्थानच्या वतीने ब्रिटिश सरकार बोलत होते. ज्यांची घरे उघडली गेली त्यांचा आवाज तेथे नव्हता.

४) लोकांच्या प्रतिकाराने सरकारला घरीही बोलणी करणे भाग पडले. सक्ती सैल होण्यात या प्रतिकाराचा वाटा शास्त्रीय पुराव्याइतकाच होता.

५) खरे कळवणाऱ्यास संरक्षण मिळावे, हे १९०३ चे तत्त्व या साऱ्या प्रक्रियेचे सर्वांत टिकाऊ फलित होय. २०२१ च्या अनुभवावरून मात्र असे दिसते, की भीतीच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रे ते आजही विसरतात.

प्लेगच्या इतिहासात चापेकर आणि रँड यांचे नाव राहिले हे स्वाभाविक आहे. त्यांच्याबरोबर मांडवीच्या वखारीतील हमाल, जहाजावर चढू न शकलेला यात्रेकरू आणि व्हेनिसच्या यादीतून वगळला गेलेला कापूस यांचीही नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. करार परदेशात होतात, त्यांची परतफेड मात्र गावच्या माणसाला करावी लागते. महामारीच्या काळातील प्रत्येक वाटाघाटीचे मूल्यमापन करताना हा हिशेब समोर असणे आवश्यक आहे.